चाल पाच मिनिटांत उरकायची असते म्हणे!

टेपमास्तर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात इथे एका सदस्याने वॉरहॅमर ४०,००० या, टेबलावर सैनिकांच्या मूर्ती हलवून फासे टाकायच्या युद्धखेळातल्या नवख्यांसाठी सात सूत्रं लिहिली. त्यातलं तिसरं जसंच्या तसं देतो: "मूव्हमेंट फेज पाच मिनिटांत उरका. सगळ्यांना पूर्ण वेगाने पुढे न्या, जमेल तिथे अ‍ॅडव्हान्स मारा. खरा खेळ शूटिंगपासून सुरू होतो." (मूव्हमेंट फेज म्हणजे टर्नमधला चालीचा टप्पा. अ‍ॅडव्हान्स म्हणजे एक फासा टाकून तेवढे इंच जास्त पळणं; मग त्या टर्नला एरवी गोळीबार नाही आणि चार्ज, म्हणजे धावून भिडणं, तेही नाही.) खाली +१ ची ही भलीमोठी रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते वाढत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

आपल्या टर्नमधली चाल समोरच्याचा पुढचा टर्न ठरवते. दहाव्या आवृत्तीत टेक अँड होल्ड ही जागा धरून ठेवायची मोहीम खेळताना गुण दुसऱ्या फेरीपासून, आणि तेही तुमच्या कमांड फेजच्या, म्हणजे टर्नच्या पहिल्या टप्प्याच्या, शेवटी मिळतात. म्हणजे आज धावत जाऊन ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे गुण देणाऱ्या जागेच्या, चकतीवर उभे राहिलात तर आज हाती शून्य. समोरच्याच्या अख्ख्या टर्नमध्ये तिथे तगलात तर एका ऑब्जेक्टिव्हचे पाच. "पूर्ण वेगाने पुढे" गेलेलं युनिट (तुकडी) तगत नाही, ते समोरच्याचा नाश्ता होतं.

आता पडदा, म्हणजे स्क्रीन. समोर १२ इंच उडणारी जंप पॅकवाली माणसं आहेत. त्यांचा धोका १२ अधिक चार्जचे २डी६ (दोन फाशांची बेरीज, सरासरी ७) अधिक एंगेजमेंट रेंजचा, म्हणजे भिडलं असं धरायच्या अंतराचा, १ इंच, म्हणजे साधारण २० इंच. एवढ्या अंतरात तुमची महागडी तोफ उघडी असेल तर तिच्यापुढे स्वस्तातली पाच माणसं हवीत. किती पुढे, इथेच सगळे चुकतात. तोफेच्या नाकासमोर इंचभर पडदा लावला तर शत्रू पडदा कापतो, तीन इंच कन्सॉलिडेट करतो (हाणामारीनंतर पुढे सरकतो) आणि थेट तोफेला भिडतो. तीन इंच चाल अधिक एक इंच एंगेजमेंट, म्हणून पडद्याच्या पुढच्या कडेपासून तोफ चार इंचांहून लांब पाहिजे. मी पाच धरा म्हणेन, कारण बेस (मूर्तीखालची तबकडी) उचलताना-ठेवताना अर्धा इंच कुठे जातो ते कळत नाही.

दुसरं, फट. नॉर्मल मूव्हमध्ये शत्रूच्या एक इंचाच्या आत शिरता येत नाही. दोन युनिट्सच्या मधून ३२ मिमी बेसवाल्याला जायचं तर दोन्हीकडे एकेक इंच आणि मध्ये त्याचा सव्वा इंच, म्हणजे सव्वातीन इंचांची फट लागते. फट तीनची ठेवलीत की मधली रिकामी जागाही तुमचीच. उडणाऱ्यांना हे लागू नाही, बाकी सगळ्यांना आहे.

हे सगळं पाच मिनिटांत कसं उरकणार, ते सूत्रकारांनी सांगावं.

थंड_फासा

सूत्रकार हजर आहे. नाव घ्यायला लाजलात तरी चालेल.

तीन तासांचा डाव, चेस क्लॉकवर प्रत्येकी दीड तास, पाच टर्न. टर्नला अठरा मिनिटं येतात. त्यात कमांड, चाल, गोळीबार, चार्ज, हाणामारी आणि वर "एक मिनिट हं, नियम बघतो". नवखा माणूस चालीत पंधरा मिनिटं घालवतो आणि तिसऱ्या फेरीत त्याचं घड्याळ संपतं. न खेळलेल्या टर्नमध्ये तुमचा पाच इंचांचा पडदा कुणाला झाकतो?

शिवाय दोन हजार पॉइंटांची यादी, म्हणजे निवडून आणलेलं सैन्य, बरी नसेल तर कितीही सुबक चाला, हरणारच. चाल ही चांगल्या यादीवरची फोडणी आहे. फोडणीने शिळी भाजी ताजी होत नाही.

आणि डीप स्ट्राइकपासून, म्हणजे राखीव राहून मध्येच मैदानात उतरणाऱ्या शत्रूपासून, वाचायला एवढी भूमिती कशाला? दहा जणांचं युनिट घ्या, दोन-दोन इंच सोडून २४ इंच पसरवा, मागची बाजू बंद. दोन मिनिटांचं काम.

घडी_मोड

थंड_फासा, वाचूनच घाम फुटला. नवख्यांनी हे करू नये म्हणून सविस्तर लिहितो.

युनिटमध्ये सात किंवा जास्त मॉडेल असतील तर प्रत्येकाच्या दोन इंचांत किमान दोन सोबती लागतात. त्यामुळे सरळ एकेरी ओळ चालतच नाही, टोकाच्या माणसाला एकच शेजारी असतो. मग लोक दोन्ही टोकांना दोघांना चिकटवून उभं करतात आणि मध्ये सहा जण एकेरी. ३२ मिमीच्या बेसवर अशी ओळ जेमतेम २४ इंच भरते. इथवर तुमचं बरोबर.

आता समोरच्याने फक्त एक माणूस मारला. समजा तुम्ही टोकाच्या जोडीतला एक काढलात. नऊ उरले, म्हणजे दोन शेजाऱ्यांची अट अजून लागू. जोडीतला दुसरा आता एकाच शेजाऱ्यावर, टर्नच्या शेवटी तोही काढा. आठ. त्याच्या पुढचा एकाच शेजाऱ्यावर, काढा. सात. त्याच्या पुढचा, काढा. सहावर आल्यावर कुठे एका शेजाऱ्याची अट लागू होते आणि गळती थांबते. एक मेला, चार गेले. मधला काढलात तर ओळ दुभंगते आणि लहान तुकडा अख्खा जातो, म्हणजे पाच.

पाच जणांचं युनिट मात्र सरळ रेषेत उभं राहतं: पाच बेस आणि चार फटी, सव्वाचौदा इंच. पाच-पाचची दोन युनिटं केलीत तर ओळ लांब पडते आणि एक माणूस मेला तर एकच जातो, तेवढा टोकाचा काढा. यादी श्रेष्ठ म्हणता ना, मग ही घ्या यादीची गोष्ट.

थंड_फासा

मान्य. दहाच्या जागी पाच-पाच. एका शब्दाची दुरुस्ती सांगायला भूमितीचा तास घेतलात, धन्यवाद सर.

हिरवी_धाड

मी ऑर्क खेळतो, म्हणजे इथल्या सभ्य लोकांच्या मते डोकं न वापरता पुढे पळतो. तर जरा आकडे घ्या.

दोन सैन्यांच्या मध्ये २४ इंच. बॉइज, म्हणजे आमचं पायदळ, सहा इंच चालतात. दुसऱ्या टर्नला वाऽऽघ पुकारायचा, म्हणजे अ‍ॅडव्हान्स करूनही चार्ज चालतो. पहिल्या टर्नला टेपमास्तरांसारखं जपून फक्त सहा चाललो तर अंतर उरतं १८. दुसऱ्या टर्नला एंगेजमेंट धरून १७ कापायचे: सहा पायांचे, उरलेले ११ तीन फाशांवर (एक अ‍ॅडव्हान्सचा, दोन चार्जचे). शक्यता बरोबर ५० टक्के. पहिल्या टर्नला अ‍ॅडव्हान्स मारून चार पडले, दहा इंच गेलो, तर १४ उरतात. आता तीन फाशांवर सातच हवेत. शक्यता ९० टक्के.

पन्नास आणि नव्वद. पहिल्या टर्नचा अ‍ॅडव्हान्स हा उतावळेपणा नाही, गणित आहे. आणि बॉइजना बंदुकीने काय मोठं उजेड पाडायचा असतो की अ‍ॅडव्हान्समुळे ती बुडाली म्हणून रडायचं?

टेपमास्तर

हिरवी_धाड, समोरचा तिथेच पुतळ्यासारखा उभा राहणार हे गृहीत धरलंत. त्याच्या टर्नमध्ये तो सहा इंच मागे गेला की तुमचं १४ चं अंतर २० होतं. आता तीन फाशांवर १३ हवेत आणि वर चार्ज पुकारायला लक्ष्य १२ इंचांत असावं लागतं. शक्यता पंचवीस टक्क्यांवर येते. त्यात तुमची माणसं पहिल्या टर्नला मैदानात उघडी पडलेली, त्यांच्यावर एक अख्खा गोळीबार.

हिरवी_धाड

मागे गेला तर मधलं ऑब्जेक्टिव्ह माझं. तुम्हीच वर लिहिलंय, गुण तगण्याचे असतात. मागे सरकणारा तगतो, पण चकतीवर नाही. बॉइजची ओसी, म्हणजे ऑब्जेक्टिव्हवरच्या ताब्याचा माणशी आकडा, दोन, वीस बॉइज म्हणजे चाळीस. बघा मोजून.

टेपमास्तर

वीसातले किती उरले ते बघून मोजतो.

रेषेवरचा_नारायण

तुम्ही सगळे इंचांवर भांडताय, पण इंच मोजता कसे ते कुणी बोलेना. टेबलावर हमखास दिसतं: टेप बेसच्या पुढच्या कडेला लावायचा, सहा इंचांवर बोट ठेवायचं आणि मॉडेल उचलून बोटाच्या पलीकडे ठेवायचं. मागची कड सहावर. म्हणजे एक बेस फुकट. ३२ मिमीला सव्वा इंच, टर्मिनेटर या जड चिलखतवाल्याच्या ४० मिमीला दीड इंचाहून जास्त. टर्मिनेटर पाच इंच चालतो, म्हणजे तीस टक्के चोरी. तीन टर्नमध्ये जवळजवळ अख्खी एक चाल.

पुढची कड ते पुढची कड, किंवा मागची ते मागची. सगळ्यात पुढे जाणारं मॉडेल आधी मोजून ठेवा, बाकीचे त्याच्या मागे भरा, त्याला कुणी ओलांडायचं नाही. दहा वेळा टेप लावायची गरजच नाही, तीन मिनिटांत युनिट हलतं. हिरवी_धाड यांचे नव्वद टक्के सहा इंच सव्वासात धरून आहेत का, हा प्रश्न मला छळतोय.

हिरवी_धाड

आकडे टेपने नाही, फाशांनी काढलेत. आणि चोर म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, नारायण.

रेषेवरचा_नारायण

टोपी कुणाच्या डोक्यावर बसते ते मी बघत नाही.

आणखी एक. लांब वाहनांची फिरवाफिरव. २०२४ च्या बदलानंतर गोल बेस नसलेलं वाहन किंवा मॉन्स्टर चालीत पहिल्यांदा वळलं की दोन इंच वजा. बारा इंचांचा ट्रक वळवलात तर दहाच. त्याआधी आडवं उभं करून नाक वळवायचं आणि तीन इंच फुकट मिळवायचे, हा सर्रास धंदा होता. तो नियमाने बंद केला ते उत्तम, पण अजून निम्मे लोक दोन इंच वजा करायला "विसरतात".

गारदी१७६१

घडी_मोड यांची दहा जणांची ओळ वाचून पानिपतचा गोल, म्हणजे मराठ्यांची चौकोन बांधून सरकायची रचना, आठवला. लांब पातळ रचना, एक दुवा निसटला की सगळी उसवते. १४ जानेवारी १७६१ ला डाव्या बाजूला इब्राहिमखानाचे गारदी रोहिल्यांना बंदुकांनी भाजून काढत होते, आणि शेजारच्या विंचूरकर-गायकवाडांना दम निघेना. घोडी पुढे घातली, गोल मोडला, गारद्यांच्या तोंडासमोर आपलेच स्वार.

घडी_मोड

अवांतर होतंय, पण हे आपल्या खेळात नियम म्हणून जसंच्या तसं आहे! आपलं एखादं युनिट शत्रूच्या एंगेजमेंट रेंजमध्ये शिरलं की बाकीच्यांना त्या शत्रूवर गोळी झाडता येत नाही. अपवाद मॉन्स्टर आणि वाहनांचा, तिथे हिटवर एक उणे घेऊन मारता येतं. म्हणजे समोर रोहिला पायदळ होतं म्हणून बंदुका गप्प. हत्ती असता तर चाललं असतं.

थंड_फासा

पानिपत आलंच का? इथे धागा कुठलाही असो, तिसऱ्या वळणावर पानिपत असतंच.

आलंच आहे तर ऐका. विंचूरकरांना शिव्या घालणं सोपं आहे. दोन महिन्यांच्यावर कोंडलेली, उपाशी फौज, बरोबर यात्रेकरू आणि बाजारबुणगे. असा पसारा घेऊन गोल करून यमुनेच्या दिशेने सरकायचं हा बेतच मुळात चालीच्या दृष्टीने अशक्य. घोडदळाच्या फौजेला पायदळाच्या गतीने बांधलं. जंप पॅकवाल्यांना टर्मिनेटरच्या बरोबरीने चालवल्यासारखं.

गारदी१७६१

मग काय करायचं होतं? गनिमी कावा? बायकामुलं आणि अवजड तोफा घेऊन? गनिमी कावा करायला मागे डोंगर लागतो, पानिपतच्या सपाटीत कसला कावा? घेराव फोडायचा तर तोफा पुढे ठेवून चौकोन बांधून सरकणं हीच त्या काळची कवायती रीत होती. बेत बरोबर होता. दोघांनी मोडला.

थंड_फासा

बेत बरोबर होता पण फौजेला येत नव्हता, म्हणजे बेत चूकच. ज्याला कवायत शिकवलेली नाही त्याला ओळीत उभं करून "हलू नकोस" सांगायचं आणि तो हलला की बखरीत त्याला दोषी धरायचं.

घडी_मोड

चौकोन सरकवणं किती कठीण असतं ते मोजून बघा. द ओल्ड वर्ल्ड हा दुसरा युद्धखेळ घ्या, तिथे रांगांमध्ये चालावं लागतं. २५ मिमीच्या बेसवर पाच जण रुंद तुकडी, म्हणजे पाच इंचांना किंचित कमी. वळायचं तर आतला कोपरा जागेवर ठेवून बाहेरचा कोपरा फिरवायचा आणि मोजणी बाहेरच्या कोपऱ्याने. काटकोनात वळायला त्याला पावणेआठ इंच कापावे लागतात. माणसाची चाल चार इंच, दुप्पट मार्च केली तर आठ. म्हणजे अख्खा टर्न एका वळणात, वर पाव इंच शिल्लक. हीच तुकडी दहा रुंद केलीत तर साध्या चालीत जेमतेम २३ अंश वळते. रुंदी दुप्पट, वळण निम्मं. आता काही मैलांची आघाडी कल्पून बघा. तिला वळवणं सोडा, सरळ पुढे सरकवलं तरी प्रत्येक सांध्यात फट पडणार. विंचूरकरांनी फट पाडली की फट आधीच पडली होती आणि रोहिले तिच्यात शिरत होते म्हणून ते धावले, हा प्रश्न मला खुला वाटतो.

गारदी१७६१

खुला वगैरे काही नाही. इब्राहिमखानाने बजावलं होतं, जागा सोडू नका.

थंड_फासा

बजावलं होतं हे विंचूरकरांच्या बाजूने कुणी लिहिलंय का? आणि उजव्या बगलेचं बोला की जरा. होळकर आणि शिंदे दिवसभर काय करत होते? त्यांची चाल किती इंच झाली?

गारदी१७६१

होळकरांवर घसरायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे गाठ घेतो. दुपारपर्यंत हुजुरातीने (भाऊंच्या खास फौजेने) मधली फळी जवळजवळ फोडली होती. डावी बाजू उघडी पडली नसती तर भाऊंना बगलेची काळजी करावी लागली नसती. हा चालीचाच मुद्दा आहे. अब्दालीने राखीव फौज हातची ठेवली आणि दमलेल्यांवर दुपारनंतर सोडली. आपल्याकडे राखीव काय होतं? सगळं पहिल्या टर्नलाच पुढे. कुणाच्या तरी तिसऱ्या सूत्राप्रमाणे.

थंड_फासा

अब्दालीची हार झाली असती तर राखीव ठेवली म्हणून त्याला भित्रा म्हटलं असतंत.

टेपमास्तर

मंडळी, धागा माझा आहे, निदान बाहेर तरी काढू नका! पण गारदी१७६१ यांनी नकळत माझा मुद्दा मांडला. राखीव.

डीप स्ट्राइकमध्ये ठेवलेलं युनिट शत्रूपासून नऊ इंचांहून जास्त अंतरावर उतरतं. उतरून लगेच चार्ज करायचा तर फाशांवर नऊ हवेत, शक्यता अठ्ठावीस टक्क्यांच्या आत. पुन्हा टाकायची सोय असेल तर अठ्ठेचाळीसच्या आसपास. लोक या नाण्यावर तीनशे पॉइंट लावतात. त्यापेक्षा एक कमांड पॉइंट खर्चून रॅपिड इनग्रेस वापरा. समोरच्याची मूव्हमेंट संपली की तुमचं युनिट उतरतं, कुठल्या तरी पडक्या भिंतीआड. तुमच्या टर्नला ते आधीच टेबलावर आहे, पाच-सहा इंच चालतं आणि मग चार्ज. नऊचा आकडा तीन-चारवर येतो. मात्र तो समोरच्याच्या गोळीबाराच्या आधी उतरलेला असतो, भिंतीआड जागा नसेल तर हा पराक्रम करू नये.

ट्रकाचंही तसंच. ट्रक चालला आणि मग माणसं उतरवली तर त्या टर्नला त्यांना चार्ज नाही. आधी उतरवली तर तीन इंच उतरण्याचे, सहा चालीचे, वर चार्ज. म्हणून पहिल्या टर्नला ट्रक भिंतीआड नेऊन थांबवायचा, पुढच्या टर्नला दार उघडायचं. हिरवी_धाड यांचे बॉइज २४ इंच उन्हातून पळत येण्यापेक्षा ट्रकात बसून आले तर त्यांच्या गणिताला टक्केही मिळतील आणि माणसंही उरतील.

हिरवी_धाड

एका ट्रकात बारा मावतात. माझे वीस आहेत. उरलेल्या आठांना काय रिक्षा करून देऊ?

आणि पायदळ पडक्या घरांच्या भिंतींतून आरपार चालतं, ट्रकाला वळसा. टेरेन (मैदानातल्या भिंती-अडथळे) दाट असेल तर ट्रकाचे बारा इंच कागदावरच राहतात, वर वळण्याचे दोन वजा. ते लिहायला विसरलात.

टेपमास्तर

विसरलो. दाट टेरेनवर पायी चला. एवढं सोडलं तर बाकी सगळं लिहिलंय तसंच.

थंड_फासा

मीही तिसरं सूत्र बदलतो, नाहीतर झोप लागू देणार नाही तुम्ही. "पहिल्या दोन टर्नना चालीसाठी दहा-दहा मिनिटं, पुढे टेबलावर युनिटं कमी उरतात तेव्हा पाच." घड्याळाचा मुद्दा सोडत नाही. चाल विचारात घेते तो वेळ समोरच्याच्या टर्नमध्ये घालवा, त्याचं घड्याळ चालू असताना. आणि मॉडेल ठेवताना तोंडाने बोला: "हा तुझ्यापासून नऊच्या बाहेर आहे, बरोबर?" त्याने हो म्हटलं की विषय संपला. पुढच्या टर्नला सूतभर फरकावरून दहा मिनिटं जात नाहीत.

रेषेवरचा_नारायण

तोंडाने बोला हे छान. पण पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत, हे सूत्रांत कुठल्या क्रमांकावर घालताय?

थंड_फासा

आठव्या. तुमच्या नावाने.

टेपमास्तर

हिरवी_धाड यांचा हिशोब वहीवर पुन्हा करून पाहिला. पन्नास आणि नव्वद, दोन्ही बरोबर आहेत. समोरचा हलला नाही तर.

हिरवी_धाड

बरोबर आहे एवढंच म्हणाला असतात तरी चाललं असतं. आणि तुमच्या विंचूरकरांच्या वादाचा निकाल मी लावतो: त्यांनी अ‍ॅडव्हान्स मारला आणि वाऽऽघ न पुकारताच चार्ज केला.